स्किप्टनला मुक्काम: यॉर्कशायर डेल्सच्या उंबरठ्यावरचं बाजारगाव आणि आसपासच्या सहली

इंग्लंडमध्ये मुलांकडे आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी आले, की लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट ही यादी ठरलेली असते. रोज नवं हॉटेल, रोज बॅगांची बांधाबांध आणि रात्री फोनमध्ये दोनशे फोटो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्यातले तीन-चार दिवस बाजूला काढा आणि एखाद्या बाजारगावात एकाच ठिकाणी मुक्काम ठोका. बाजारगाव म्हणजे पूर्वापार आठवड्याचा बाजार भरवण्याची सनद मिळालेलं, आजूबाजूच्या शेतीवाडीवर वाढलेलं छोटं शहर. अशी गावं इंग्लंडभर आहेत. त्यातलं उत्तर यॉर्कशायरमधलं स्किप्टन मी सुचवते, कारण तिथे गाडी नसली तरी चालतं, वयस्कर माणसांना झेपतं आणि पाऊस पडला तरी दिवस वाया जात नाही.

किल्ला, कालवा आणि बाजार हे तिन्ही चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरात आहेत. आणि रेल्वे स्टेशनवरून एका बाजूला गिरण्यांची जुनी गावं, तर दुसऱ्या बाजूला डेल्सचे, म्हणजे यॉर्कशायरमधल्या दऱ्याखोऱ्यांचे, उघडे डोंगर.

आधी तारखा ठरवा, मग खोली

हॉटेल बघण्याआधी वार बघा. स्किप्टनच्या हाय स्ट्रीटवर सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार या चार दिवशी बाजार भरतो. मंगळवारी किंवा गुरुवारी आलात तर गाव छानच दिसेल, पण त्याचा जीव दिसणार नाही. शनिवारी गर्दी फार. आमची पसंती गुरुवारी संध्याकाळी पोचून रविवारी दुपारी निघण्याला. शुक्रवारचा बाजार निवांत बघता येतो आणि शनिवारी गावात झुंबड उडते तेव्हा आपण डोंगरात असतो.

महिन्यांचं गणित असं. एप्रिलमध्ये कुरणांवर नुकती जन्मलेली कोकरं असतात. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत किल्ल्यामागच्या स्किप्टन वुड्समध्ये ब्लूबेलची निळी फुलं. मे-जूनमध्ये दिवस मोठा. जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे सकाळी उशिरा निघालात तरी काही बिघडत नाही. ऑगस्टमध्ये उंचावरच्या माळांवर जांभळं हेदर फुलतं, पण तेव्हा शाळांना सुट्टी असल्याने खोल्या महाग. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा गाव सुंदर सजलेलं असतं, पण डोंगरातल्या सहली तेव्हा ठेवू नका.

खोली शोधताना एक गोष्ट नक्की विचारा: जिने किती आहेत? जुन्या दगडी घरांतल्या बी अँड बीमध्ये (न्याहारीसह खोली देणाऱ्या घरगुती मुक्कामांत) लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात आणि स्वस्त खोली हमखास वरच्या मजल्यावर असते. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली आधीच मागून ठेवा. न्याहारीत शाकाहारी काय मिळेल तेही तेव्हाच कळवा. आधी सांगितलं की इथली माणसं मनापासून सोय करतात.

पोचायचं कसं

लीड्सहून स्किप्टनला रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येतं आणि दिवसभर वारंवार गाड्या असतात. ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनवरूनही थेट गाडी आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाड्या मोजक्याच, म्हणून बहुतेक वेळा लीड्सला गाडी बदलायची. मँचेस्टरहूनही लीड्समार्गेच या.

तिकिटाचं: तीन ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून मिळणारी ग्रुपसेव्ह सवलत घ्या. तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड बहुधा एका लांबच्या प्रवासातच वसूल होतं.

आणखी एक, पैसे वाचवणारं. पुष्कळ मराठी घरांत नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थांचं वार्षिक सभासदत्व असतं. ते स्किप्टनच्या किल्ल्याला चालत नाही, कारण किल्ला खासगी मालकीचा आहे. जवळच्या बोल्टन अ‍ॅबेलाही (जुन्या मठाचे अवशेष आणि भोवतीचा परिसर) चालत नाही, ती डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याची इस्टेट आहे. तेव्हा तिकिटांचा हिशेब वेगळा धरा. ज्येष्ठांसाठी सवलत आहे का ते खिडकीवर विचारा, वयाचा पुरावा जवळ असू द्या.

पहिला दिवस गावातच: सकाळी बाजार

पहिल्या दिवशी कुठेही बाहेर जाऊ नका. प्रवासाचा शीण असतो आणि गावाकडे लक्ष दिलं तर ते दिवसभर पुरतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास हाय स्ट्रीटवर या. रस्ता उतरता आणि रुंद आहे. दोन्ही कडांना दगडी फरसबंदी आहे आणि तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी छपरांखाली दुकानं लागतात. किंग जॉनने १२०४मध्ये या गावाला बाजाराची सनद दिली. गावाची ओळखच मुळी मेंढ्या आणि लोकर यांची. जनावरांचा बाजार एके काळी याच रस्त्यावर भरायचा, आता तो गावाच्या कडेला स्वतंत्र मंडीत भरतो आणि तिथे मेंढ्यांबरोबर शिकवून तयार केलेल्या मेंढपाळ कुत्र्यांचेही लिलाव होतात.

आज हाय स्ट्रीटवर काय मिळतं? चीज, पाव, अंडी, भाजी, फुलझाडांची रोपं, लोकरी मोजे, चाकू-कात्र्या, सुटी बिस्किटं. चीजवाल्याकडे थांबाच. वेन्सलीडेल हे याच डेल्समधलं चीज. पांढरट, भुसभुशीत, किंचित आंबूस. विक्रेता सुरीच्या टोकावर पातळ काप देतो. तो लगेच गिळू नका, जिभेवर जरा विरघळू द्या, म्हणजे आधी दुधाचा गोडवा आणि मागून आंबटपणा येतो. कडक शाकाहारी असाल तर रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा घटक) वनस्पतीजन्य आहे का ते विचारा. हा प्रश्न इथे नेहमीचा आहे, कोणी भुवया उंचावत नाही. ज्यांना तिखटाशिवाय चैन पडत नाही त्यांनी क्रॅनबेरी घातलेला प्रकार सोडून साधाच घ्यावा, वर घरची लसणाची चटणी भुरभुरावी. फार जमतं.

थोडी रोकड जवळ ठेवा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण अंडी-भाजीवाल्या एखाद्या आजोबांकडे नाणीच बरी. दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते.

किल्ला आणि त्याच्या शेजारचं चर्च

हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाला किल्ल्याचा दरवाजा आहे. दोन गोल बुरूज आणि वर दगडात कोरलेलं क्लिफर्ड घराण्याचं ब्रीद, ‘देझोर्मे’, म्हणजे ‘इथून पुढे’. आपण सह्याद्रीतले गड बघून मोठे झालेलो, त्यामुळे हा गावालगतचा किल्ला आधी छोटा वाटेल. पण आत गेल्यावर त्याचं वेगळेपण कळतं: नऊशे वर्षांच्या या किल्ल्याचं छप्पर शाबूत आहे. स्वयंपाकघर, मेजवानीचं दालन, कोठडी अशा खोल्यांमधून डोक्यावर छत असताना फिरता येतं. म्हणूनच पावसाच्या दिवशी हा उत्तम.

इथे नॉर्मन सरदार रोबेर द रोमिय याने १०९०च्या सुमारास पहिला कोट बांधला आणि १३१०मध्ये किल्ला क्लिफर्डांकडे आला. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात याला तीन वर्षं वेढा पडला होता. उत्तरेतलं राजाच्या बाजूचं हे शेवटचं ठाणं डिसेंबर १६४५मध्ये शरण आलं. तोफगोळ्यांचा मार बोथट व्हावा म्हणून भिंतींवरून मेंढ्यांच्या लोकरीच्या कातड्या सोडल्या होत्या, असं इथे सांगतात. युद्धानंतर पार्लमेंटने छप्परं उतरवली. ती पुन्हा चढवली लेडी अ‍ॅन क्लिफर्ड हिने.

या बाईची गोष्ट आई-बाबांना आवर्जून सांगा. १५९०मध्ये ती याच किल्ल्यात जन्मली. वडील १६०५मध्ये वारले आणि त्यांनी जमीनजुमला मुलीला न देता भावाच्या नावे केला. तिने तो निवाडा मानला नाही. नवरा विरोधात, राजा विरोधात, तरी ती हटली नाही. शेवटी काका गेले आणि त्यांचा मुलगाही पुरुष वारस न ठेवता गेला, तेव्हा १६४३मध्ये सगळं तिच्याकडे आलं. तोवर तिने पन्नाशी ओलांडली होती. तिला किल्ला दुरुस्त करायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: नव्या छपराला तोफेचं वजन पेलता कामा नये. आतल्या कॉन्ड्युट कोर्ट या चौकात मधोमध यू जातीचं झाड आहे. दुरुस्तीनंतर, १६५९मध्ये तिने ते लावलं. चौकातल्या बाकावर बसा, घाई करू नका. किल्ल्यातली सगळ्यात सुंदर जागा हीच.

दरवाजाशेजारी होली ट्रिनिटी चर्च आहे. तिथे शिरायचं कारण अ‍ॅनचे वडील, तिसरे अर्ल ऑफ कंबरलंड जॉर्ज क्लिफर्ड, यांची कबर. घराण्यांच्या ढालींनी मढवलेली ही काळ्या संगमरवरी कबर मुलीनेच उभारली. जॉर्ज हे राणी एलिझाबेथच्या दरबारातले आणि समुद्रावर स्पॅनिश जहाजं लुटणारे. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला जी सनद मिळाली, तिच्यात भागीदारांत पहिलं नाव ‘जॉर्ज, अर्ल ऑफ कंबरलंड’ असं आहे. त्यांचं ‘स्कर्ज ऑफ मॅलिस’ हे जहाज कंपनीने विकत घेतलं, त्याला ‘रेड ड्रॅगन’ नाव दिलं आणि १६०१च्या पहिल्या सफरीवर पाठवलं. तेच जहाज १६१२मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी लढलं. त्यानंतर सुरतेत कंपनीचे पाय रोवले गेले, वखार उभी राहिली. शिवाजी महाराजांच्या १६६४च्या सुरत स्वारीत इंग्रजांनी जी वखार लढवून राखली, तिचा धागा असा मागे नेत गेलं तर या शांत गावातल्या कबरीपाशी येतो. आपल्या मुलांना शाळेत हा भाग कोणी सांगत नाही. तो इथे उभं राहून सांगावा.

चर्चमध्ये तिकीट नसतं, दानपेटी असते. काही नाणी टाका.

दुपारी कालवा आणि एक क्रिकेटवीर

लीड्स-लिव्हरपूल कालवा २०४ किलोमीटरचा. काम १७७०मध्ये सुरू झालं, स्किप्टनपर्यंतचा टप्पा १७७३मध्ये खुला झाला आणि पूर्ण कालवा १८१६मध्ये. कोळसा, चुनखडी, कापूस, लोकर यांची वाहतूक करणाऱ्या या पाण्यावर आता रंगीत, निमुळत्या नॅरोबोटी असतात. गावातल्या धक्क्यावरून अर्ध्या-पाऊण तासाच्या छोट्या फेऱ्या मिळतात. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी ही गावातली सर्वात सुखाची गोष्ट. बोटीची एक पायरी उतरताना मात्र हात द्या.

पायी जायचं असेल तर स्प्रिंग्ज कालव्याच्या काठाने जा. मुख्य कालव्यातून फुटलेला हा छोटा फाटा किल्ल्याच्या कड्याखालून जातो. खाणीतली चुनखडी बोटीत भरायला किल्ल्याच्या मालकाने, लॉर्ड थॅनेटने, तो खोदवला. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ओढा आणि वर किल्ल्याची भिंत. सपाट वाट आहे आणि पुढे ती जंगलात शिरते.

धक्क्याजवळ इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन याचा पुतळा आहे, चेंडू टाकल्यानंतरच्या आवेशात. बाबांना तिथे थांबवाच. १९५२मध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर ट्रूमनने कसोटी पदार्पण केलं ते भारताविरुद्ध. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे चौघं खातं न उघडता परतले. त्यातले तीन बळी ट्रूमनचे, गायकवाडांचा अ‍ॅलेक बेडसरचा. मांजरेकरांनी पहिल्याच डावात १३३ केले होते, हे विसरलं जातं. आणि त्या पडझडीनंतर अर्धशतक करून उभे राहिले ते कर्णधार, सांगलीचे विजय हजारे. ट्रूमन पुढे ३०० कसोटी बळी घेणारा पहिला गोलंदाज झाला. त्याची कबर बोल्टन अ‍ॅबेला आहे, उद्या-परवा तिथे जाणार असाल तर.

वेळ उरला तर टाउन हॉलमधलं क्रेव्हन म्युझियम बघा. प्रवेश मोफत. शेक्सपिअरच्या नाटकांचं १६२३चं पहिलं एकत्रित छापील पुस्तक, फर्स्ट फोलिओ, तिथे काचेआड ठेवलंय.

दुसरा दिवस: आभाळ बघून ठरवा

बाहेरच्या सहलींचा क्रम आधी पक्का करू नका. रात्री हवामान खात्याचा तासातासाचा अंदाज बघा. कोरडा दिवस मिळाला की तो मॅलमला द्या. रिपरिप असेल तर रेल्वेच्या सहली. मधलाच दिवस असेल तर बोल्टन अ‍ॅबे.

*मॅलम.* स्किप्टनपासून सुमारे १८ किलोमीटर. बस आहे, पण दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या आणि त्या वाराप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतात. डेल्सबसचं ताजं वेळापत्रक आदल्या रात्री बघा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण दरीत मोबाईलला नेटवर्क मिळेलच असं नाही. चौघं असाल तर टॅक्सी परवडते. येताना कोणत्या वेळी न्यायला यायचं तेही तेव्हाच ठरवा.

मॅलम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा, आत वळलेला चुनखडीचा पांढरा कडा. हिमयुग संपताना बर्फ वितळून आलेलं पाणी या कड्यावरून धबधब्यासारखं कोसळत होतं. आज वरून पाणी येत नाही, ते खडकाच्या पोटातून जातं आणि कड्याच्या पायथ्याशी ओढा होऊन बाहेर पडतं. डिसेंबर २०१५च्या वादळात मात्र काही काळ कड्यावरून पुन्हा धबधबा वाहिला. आपला काळा बसाल्ट पाणी पृष्ठभागावरून सोडतो, म्हणून सह्याद्रीत पावसाळ्यात धबधबेच धबधबे. चुनखडी पाणी गिळते. हा फरक मुलांना इथे डोळ्यांनी दाखवता येतो.

गावापासून कड्याच्या पायथ्यापर्यंतची वाट बांधलेली आणि जवळपास सपाट आहे, रमतगमत अर्धा तास. आई-बाबांनी इथपर्यंत नक्की यावं. वर जायला डाव्या हाताने सुमारे चारशे दगडी पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर समोर चुनखडीची फरसबंदी येते: झिजून गुळगुळीत झालेले दगडी ठोकळे आणि त्यांच्यामधल्या खोल भेगा. एखाद्या भेगेत वाकून बघा. वाऱ्यापासून आणि मेंढ्यांच्या तोंडापासून वाचलेली नेची आणि नाजूक रानझाडं आत सावलीत वाढलेली असतात. पण दगड ओला असला की अत्यंत निसरडा होतो, पाय भेगेत अडकून मोडतो. पाऊस पडून गेला असेल तर वर जाऊ नका, आणि कड्याच्या काठाला मुलांचा हात सोडू नका.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पूर्ण फेरी करावी. गावातून आधी जॅनेट्स फॉस या छोट्या धबधब्याकडे, मग गॉर्डेल स्कार ही उंच कड्यांमधली घळ, तिथून शेतांतून कोव्हच्या माथ्यावर आणि पायऱ्या उतरून गावात. सुमारे आठ किलोमीटर, थांबत-थांबत चार तास. जॅनेट्स फॉसकडे जाणाऱ्या झाडीत मे महिन्यात रानलसूण फुललेला असतो आणि सगळ्या वाटेवर लसणाचा वास भरलेला असतो. गॉर्डेलला धबधब्याच्या कडेने काही जण वर चढतात. कुटुंबाबरोबर ते करू नका, समोरून बघून परत फिरा.

*बोल्टन अ‍ॅबे.* जायची माझी आवडती रीत म्हणजे स्किप्टनजवळच्या एम्ब्से स्टेशनवरून वाफेच्या इंजिनाची गाडी. ती रोज धावत नाही, म्हणून तारखा आधी तपासा. शेवटच्या स्टेशनावरून अवशेषांपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर चालावं लागतं. स्वतःची गाडी नेलीत तर प्रवेशाचे पैसे गाडीमागे द्यावे लागतात आणि ते आधी भरलेले बरे.

व्हार्फ नदीच्या वळणावर ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी ११५४च्या सुमारास हा मठ वसवला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९मध्ये तो मोडला गेला. पण गावकऱ्यांचं चर्च म्हणून एक भाग वाचला आणि तिथे आजही प्रार्थना होते. अर्धं छत असलेलं, अर्धं आकाश असलेलं हे दृश्य फार परिणाम करतं. नदी ओलांडायला मोठ्या दगडांची रांग आहे. मुलं त्यावरून उड्या मारत जातात, शेजारी साधा पूलही आहे. उन्हाळ्यात पुलाजवळच्या उथळ वाळूत पाय बुडवून बसावं, डबा खावा.

वरच्या अंगाला स्ट्रिड आहे, तिथे मात्र पूर्ण सावध राहा. एवढी रुंद नदी अचानक दोन खडकांमधल्या अरुंद फटीत शिरते. उडी मारून पार जाऊ असं वाटायला लावणारी ती फट आतून खूप खोल आणि खडकाखाली पोखरलेली आहे. इथे माणसं बुडून मेली आहेत. बाराव्या शतकातल्या एका सरदाराच्या मुलाने इथे उडी मारली, हातातल्या कुत्र्याने दोरी मागे ओढली आणि तो गेला, अशी दंतकथा आहे. लांबून बघा. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी उतरू नका आणि मुलांना हाताला धरूनच न्या.

पावसाचा दिवस: रेल्वेने

सेटल-कार्लाइल मार्ग १८७६मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. स्किप्टनहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसा, जमलं तर डाव्या हाताला. सेटलनंतर गाडी चढू लागते, उजवीकडे पेन-य-गेंट (६९४ मीटर) आणि डावीकडे इंगलबरो (७२३ मीटर) हे डोंगर येतात. साधारण पाऊण तासात रिबलहेड. इथला पूल २४ कमानींचा, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. पुलावरून जाताना पूल दिसत नाही, म्हणून रिबलहेडला उतरा आणि एखादा किलोमीटर चालत खालून बघा. तो बांधायला आलेले मजूर कुटुंबकबिल्यासह या उघड्या माळावर झोपड्यांत राहत. अपघातांनी आणि देवीच्या साथीने कितीतरी माणसं दगावली. त्यांना जवळच्या चॅपेल-ले-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात पुरलं आहे.

१९८०च्या दशकात हा मार्ग बंद करायचं ठरलं होतं. २२ हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यात रस्वर्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, तोही प्रवासी म्हणून ग्राह्य धरला गेला. एप्रिल १९८९मध्ये सरकारने माघार घेतली. लोकांनी राखलेली ही रेल्वे आहे आणि तिचं तिकीट काढणं म्हणजे ती राखायला हातभार लावणं, असं मला वाटतं.

गाड्या तुरळक आहेत. एक चुकली तर दोन तास वारा खात बसावं लागेल. परतीची गाडी आधी ठरवा, मग उतरा. मंगळवार असेल तर येताना सेटलला उतरा, तिथला बाजार त्या दिवशी असतो.

लीड्सच्या दिशेने गेलात तर कीथली फक्त एक डुलकी लागेल एवढ्या अंतरावर. तिथून हॉवर्थला वाफेची गाडी जाते. १९६२मध्ये बंद पडलेला हा मार्ग स्वयंसेवकांनी १९६८मध्ये पुन्हा सुरू केला. हॉवर्थला कादंबरीकार ब्राँटे भगिनींचं राहतं घर बघता येतं, पण स्टेशनपासूनचा चढ दमवणारा आहे. बिंगलीला कालव्यावर बोटी वर-खाली नेणाऱ्या, पाण्याच्या पाच कप्प्यांची पायरी आहे. १७७४पासून बोटी तिथे सुमारे १८ मीटर चढतात-उतरतात. सॉल्टेअर ही टायटस सॉल्टने गिरणी कामगारांसाठी वसवलेली वसाहत, जागतिक वारसा यादीतली. गिरणगावाच्या आठवणी असणाऱ्या घरांतल्या माणसांना तिथल्या ओळीने बांधलेल्या चाळीसारख्या घरांत बघण्यासारखं बरंच सापडेल.

खाणं, कपडे आणि शिस्त

यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत बटाटेही गाईच्या चरबीत तळतात. न खाणाऱ्यांनी नुसते चिप्स मागवण्याआधी ‘व्हेजिटेबल ऑइलमध्ये तळता का?’ हे विचारायलाच हवं. जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), चीज-कांद्याची पेस्टी, सूप-पाव हे सहज मिळतं. लोणी आणि जॅम लावलेले स्कोन, कडक चहा आणि आलं-काकवीचा पार्किन केक चुकवू नका. पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात. आपल्या नेहमीच्या तीनच्या जेवणाला तिथे काही मिळत नाही. डोंगरात जाताना पोळीचे रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासात चहा न्या.

जुलै असला तरी पावसाचं जाकीट, एक गरम थर आणि खाचांचे तळवे असलेले बूट हवेतच. साडी नेसणाऱ्या आईंनी सलवार-कमीज किंवा पँट घालावी. मेंढवाड्याच्या भिंतींवरच्या दगडी पायऱ्या चढताना आणि चिखलात सोपं जातं.

वाटांवर पाट्यांतली अंतरं मैलांत असतात. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडे-सायकलीही चालणारी वाट. फाटक जसं सापडलं तसंच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं तर उघडं. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, आणि कोकरू कितीही गोड असलं तरी उचलून घेऊ नका. डोंगरात अपघात झाला तर ९९९ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) मागा.

रविवारी निघताना मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात आणि रुळांची कामंही बहुधा रविवारीच काढतात. कधी कधी गाडीऐवजी बस सोडतात. म्हणून चीज आणि केक शनिवारी संध्याकाळपर्यंतच घेऊन ठेवा, लीड्सच्या पुढच्या गाडीला किमान अर्धा तास हातात ठेवा, आणि सकाळी स्टेशनला जाण्याआधी फोनवर गाडी खरंच गाडीच आहे ना, हे बघून घ्या.